पाण्यावरील इस्पितळें

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणत्या सालीं आली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, हा वृत्तांत असावयाचाच, आणि तो या पुस्तिकेंत अन्यत्र आला आहे. आमच्या वांट्याला इतिहासांतील एखादा स्वतंत्र विषय आला, तेव्हां आम्हीं समुद्राकडे पाहिलें. ख्रिस्तसभेला नौकेची उपमा फार प्राचीन काळापासून देण्यांत येते. देवळांत भाविक जेथें बसतात त्या मधल्या भागाला लॅटिन भाषेंत 'नाव्हिस' म्हणतात; त्याचा अर्थ जहाज. परंतु जहाजें अनेक प्रकारचीं. मालाचीं, चांचेगिरीचीं, युद्धाचीं अशीं जहाजें पुष्कळ आहेत. त्यांच्या मेळाव्यांत एक जहाज असें आहे कीं ज्यावर तोफ नसते आणि विकावयाचा मालहि नसतो. आजारी व जखमी माणसें हाच त्याचा सगळा भार. त्या जहाजाचा इतिहास थोडक्यांत सांगावा, आणि ख्रिस्ती मनुष्यानें त्यांतून काय घ्यावें हेंहि सांगावें, असा आमचा हेतु आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. 'इस्पितळ' हा शब्द आपल्या बोलींत पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचें मूळ 'होस्पेस' या लॅटिन शब्दांत आहे. त्याचा अर्थ पाहुणा, आणि पाहुण्याला घरांत घेणारा यजमान तोहि 'होस्पेस'च. म्हणजे इस्पितळ हें मुळांत औषधाचें दुकान नव्हे, तर परक्याला जेथें जागा मिळते तें घर होय. हा अर्थ ध्यानांत ठेवला तर पुढील हकीकत नीट उमगेल.

रोग्यांनीं भरलेलें जहाज

सोळाव्या शतकांत लिस्बनहून हिंदुस्थानास येणारीं जहाजें सहा-सहा महिने समुद्रावर असत. वारा चुकला तर वर्षहि लागे. ताजीं फळें व भाजी नाहीं, पिंपांतलें पाणी सडलेलें, आणि शेंकडों माणसें दाटीवाटीनें एकत्र. त्यामुळें हिरड्या सुजून रक्त वाहणें, जुन्या जखमा पुन्हां उघडणें, अंगांतलें बळ सरणें, असा स्कर्व्ही नांवाचा रोग पसरे. आंबट फळांच्या रसानें तो बरा होतो हें जेम्स लिंड या डॉक्टरानें इ. स. १७४७ मध्यें एका जहाजावर पडताळून पाहिलें. तत्पूर्वीं व त्यानंतरहि कित्येक वर्षें असंख्य दर्यावर्दी या रोगानें मेले.

संत फ्रान्सिस झेवियर हे इ. स. १५४१ च्या एप्रिल महिन्याच्या ७ व्या तारखेस, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, 'सांतियागो' जहाजानें लिस्बनहून निघाले. मोझांबिक येथें मुक्काम पडून ते १५४२ च्या मे महिन्याच्या ६ व्या तारखेस गोव्यास पोंचले. म्हणजे प्रवासाला तेरा महिने लागले. मोझांबिकहून लिहिलेल्या पत्रांत आपणांस दोन महिने बोट लागली होती असें ते सांगतात. तशा स्थितींतहि रोग्यांना भरविणें, त्यांचे कपडे धुणें, मरणाऱ्यांचें पापनिवेदन ऐकणें हें काम त्यांनीं सोडलें नाहीं. मोझांबिकमध्यें ते इस्पितळांत राबले, आणि गोव्यास आल्यावरहि राजवाड्यांत न उतरतां राजाच्या इस्पितळांतच उतरले. आपल्या प्रांतांत ज्या संताच्या नांवानें इतकीं देवळें व शाळा उभ्या आहेत, त्याच्या हिंदुस्थानांतील कार्याचा आरंभ रोग्यांच्या सेवेनें झाला, हें विसरूं नये.

तथापि इतिहासकारानें आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. 'सांतियागो' जहाजावर संत होता, परंतु इस्पितळ नव्हतें. रोग्यासाठीं वेगळी जागा नव्हती, स्वच्छ पाणी नव्हतें, पथ्याचें अन्न नव्हतें. एका पुण्यपुरुषाच्या दोन हातांवर सारा भार होता. करुणा होती; तिला बिछाना नव्हता. पुढील चार शतकांचा इतिहास म्हणजे त्या करुणेला बिछाना मिळवून देण्याचा प्रयत्न होय.

त्याच शतकाच्या अखेरीस युद्धाच्या ताफ्याबरोबर आजाऱ्यांसाठीं निराळें जहाज नेण्याची कल्पना दिसूं लागते. इ. स. १५८८ मध्यें स्पेनच्या राजानें इंग्लंडवर जें प्रचंड आरमार पाठविलें, त्यांत 'सान पेद्रो मायोर' हें इस्पितळ-जहाज होतें. परतीच्या वाटेवर वादळानें तें इंग्लंडच्या डेव्हनशायर प्रांताच्या किनाऱ्यावर आपटून फुटलें. त्याला वाऱ्यापासून संरक्षण नव्हतें, आणि शत्रूपासूनहि नव्हतें. कारण इस्पितळाचें जहाज पवित्र मानावें असा कायदा तेव्हां जगांत कोठेंहि नव्हता.

मिसिसिपी नदीवरील भगिनी

इस्पितळ म्हणून नीट सजविलेलें जहाज पाहावयाचें असेल तर अमेरिकेच्या यादवी युद्धाकडे वळावें लागतें. 'रेड रोव्हर' नांवाची एक आगबोट मिसिसिपी नदीवर दक्षिणेकडील सैन्याच्या ताब्यांत होती. इ. स. १८६२ च्या एप्रिल महिन्यांत ती उत्तरेकडील सैन्यानें हस्तगत केली आणि तिचें रूपांतर इस्पितळांत केलें. त्या काळाच्या मानानें तींतील सोयी पाहून आश्चर्य वाटतें. स्नानगृहें, धुण्याची जागा, शस्त्रक्रियेची खोली, रोग्यांचा व इतरांचा असे दोन निराळे स्वयंपाकघर-विभाग, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर रोग्यास नेण्याचा पाळणा, ३०० टन बर्फ सांठविण्याची सोय, आणि धुराड्यांतली राख व ठिणग्या रोग्यांवर येऊं नयेत म्हणून खिडक्यांना जाळीचे पडदे. ज्यानें हे पडदे लावविले त्यानें रोग्याच्या बिछान्यावर पडून विचार केला असला पाहिजे.

परंतु पडदे व बर्फ यांनीं इस्पितळ होत नाहीं, हात लागतात. त्या वर्षीं नाताळच्या आदल्या दिवशीं, म्हणजे डिसेंबरच्या २४ व्या तारखेस, पवित्र क्रूस संघाच्या तीन व्रतस्थ भगिनी या जहाजावर चढल्या. इंडियाना प्रांतांतील मठांतून मदर अँजेला गिलेस्पी यांच्या नेतृत्वाखालीं या संघाच्या भगिनी आधींपासूनच नदीकांठच्या सैनिकी इस्पितळांत काम करीत होत्या. त्या शाळेंत शिकविणाऱ्या होत्या. परिचारिकेचें शिक्षण त्यांपैकीं बहुतेकींना मिळालेलें नव्हतें. त्यांनीं तें रोग्यांजवळ उभें राहून मिळविलें. त्यांच्या जोडीला गुलामगिरींतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. त्यांपैकीं ॲन ब्रॅडफर्ड स्टोक्स या बाईंना पुढें इ. स. १८९० मध्यें आपल्या स्वतःच्या आरमारी सेवेबद्दल निवृत्तिवेतन मिळालें. मठांतली भगिनी आणि कालपर्यंत बाजारांत जिची किंमत होत असे ती स्त्री, या दोघी एकाच रोग्याला दोन बाजूंनीं उचलीत होत्या. युद्ध संपेपर्यंत २,४०० हून अधिक रुग्ण या जहाजावर दाखल झाले.

रंगाचें वचन

आतां कायद्याकडे वळूं. इ. स. १८५९ च्या जून महिन्याच्या २४ व्या तारखेस उत्तर इटलींत सोल्फेरिनो येथें मोठी लढाई झाली. जवळच्या कास्तिल्योने गांवीं हजारों जखमी आले आणि तेथील मोठें देऊळच इस्पितळ बनलें. गांवच्या बायकांनीं फ्रेंच कोण, ऑस्ट्रियन कोण, हें न विचारतां साऱ्यांना पाणी पाजलें. आंरी द्युनां हा जिनीव्हाचा व्यापारी तेथें होता. त्यानें जें पाहिलें त्यांतून रेडक्रॉस संस्था निघाली, आणि इ. स. १८६४ मध्यें जिनीव्हाचा पहिला करार झाला. पण तो जमिनीवरील युद्धापुरता होता. समुद्रावरील युद्धास तीं तत्त्वें लागू करण्याचें काम इ. स. १८९९ व १९०७ च्या हेग येथील करारांनीं केलें, आणि इ. स. १९४९ च्या दुसऱ्या जिनीव्हा करारानें तें पूर्ण केलें.

या करारांतील अटी सामान्य वाचकानेंहि जाणून घ्याव्या अशा आहेत. इस्पितळ-जहाजाचें नांव व वर्णन शत्रूला आगाऊ कळवावयाचें. १९४९ च्या कराराप्रमाणें निदान दहा दिवस आधीं. जहाज बाहेरून पांढरें रंगवावयाचें. १९०७ च्या नियमाप्रमाणें सरकारी इस्पितळ-जहाजावर सुमारें दीड मीटर रुंदीचा हिरवा पट्टा असे, व साह्यकारी संस्थांच्या जहाजावर तांबडा. १९४९ पासून पांढऱ्या रंगावर मोठे गडद तांबडे क्रूस काढावयाचे. जहाजानें कोणत्याहि युद्धकार्यांत भाग घ्यावयाचा नाहीं. जखमी, आजारी व बुडालेले यांना राष्ट्राचा भेद न करतां साह्य करावयाचें. शत्रूला झडती घ्यावयाची असेल तर घेऊं द्यावयाची. आणि एक अट तर फार मनोवेधक आहे: बिनतारी संदेशासाठीं अशा जहाजानें गुप्त लिपि बाळगूं नये, कीं वापरूं नये. जें बोलावयाचें तें सर्वांना कळेल अशा भाषेंत बोलावें.

या अटींचा अर्थ असा कीं शस्त्र नाहीं, गुपित नाहीं, आणि परका कोणी नाहीं. त्याबदल्यांत जहाजाला मिळतें काय? लोखंडी चिलखत नव्हे, तर केवळ एक वचन. पांढरा रंग हीच त्याची ढाल. आणि ती ढाल फोडावयास गोळाहि लागत नाहीं, एक खोटेपणा पुरतो. एका बाजूनें इस्पितळ-जहाजांतून चोरून दारूगोळा नेला, किंवा दुसऱ्या बाजूनें तसा नुसता संशय घेतला, कीं सारीं पांढरीं जहाजें धोक्यांत येतात.

टायग्रिस नदी आणि मुंबई बंदर

इस्पितळ-जहाजाची किंमत तें जेथें नव्हतें तेथें अधिक कळते. पहिल्या महायुद्धांत इ. स. १९१५ च्या नोव्हेंबर महिन्यांत बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथें तुर्कांशीं लढाई झाली. लढणारी फौज म्हणजे हिंदी सैन्याची ६ वी, अर्थात् पुणें डिव्हिजन. तींत मराठा पलटणी होत्या. देशावरच्या व कोंकणांतल्या शेतकऱ्यांचीं मुलें होतीं. जखमींची संख्या हजारोंवर गेली. नदीनें त्यांना खालीं बसऱ्यास आणावयाचें, तर इस्पितळाच्या म्हणून सजविलेल्या नदीतल्या आगबोटी नव्हत्या. ज्या बोटींनीं घोडे व सामान वर नेलें, त्याच बोटींत व पडावांत जखमींना कोंबून पाठविलें.

बसऱ्यास 'व्हरेला' हें इस्पितळ-जहाज उभें होतें. त्यावरील वैद्यकीय अधिकारी मेजर कार्टर यांनीं 'मजिदिया' ही बोट येतांना पाहिली. तिच्या बाजूंना दोरखंडासारखें कांहीं लोंबत होतें. तें दोरखंड नव्हते, तर जागचे हलूं न शकणाऱ्या, आंवेनें आजारी माणसांची सांचलेली घाण होती. सुमारें ६०० माणसें उघड्या डेकवर पडलेलीं होतीं. कित्येकांचीं मोडलेलीं हाडें दारूच्या खोक्यांच्या फळ्यांनीं बांधलेलीं होतीं. त्याच सुमारास सरकारी तारेनें मात्र जखमींची स्थिति समाधानकारक असल्याचें कळविलें होतें. कार्टर यांनीं जें पाहिलें तें वरिष्ठांना सांगितलें, तेव्हां त्यांची प्रशंसा झाली नाहीं. अटकेची धमकी मिळाली. तरीहि त्यांनीं आपली साक्ष मागें घेतली नाहीं. पुढें मेसोपोटेमिया चौकशी-मंडळाचा अहवाल इ. स. १९१७ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत ही साक्ष आली, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना अधिकारपद सोडावें लागलें.

या प्रसंगीं खलनायक कोण, हें शोधण्यापेक्षां त्यांतील धडा घेणें बरें. त्या बोटींवरील लोक निर्दय होते असें नव्हे. मूठभर डॉक्टर व नोकर रात्रंदिवस राबत होते. परंतु आधीं विचार केलेला नव्हता, आधीं पैसा बाजूला काढलेला नव्हता, आणि चुकीची वार्ता गोड करून वर पाठविण्याची संवय जडली होती. व्यवस्थेवांचून दया पांगळी असते. सत्यावांचून व्यवस्था आंधळी असते.

बसऱ्याहून समुद्रमार्गें आलेले कित्येक जखमी मुंबई बंदरांत उतरले. मुंबईच्या ज्या वस्तुसंग्रहालयाच्या घुमटाखालीं आज शाळकरी मुलें मूर्ति व चित्रें पाहतात, त्या इमारतीचा उपयोग त्या युद्धांत सैनिकी इस्पितळ म्हणून झाला होता. समुद्रावरील जहाजांवर तरी आपले लोक नव्हते असें नाहीं. त्या काळच्या ब्रिटिश आगबोटींवर खलाशी, आगवाले व खानसामे या कामांवर कोंकणचे मुसलमान व हिंदु आणि गोव्याचे ख्रिस्ती शेंकडोंनीं असत. त्यांचीं नांवें सेनापतींच्या यादींत येत नाहींत. पण रोग्याला पाणी देणारा हात बहुधा अशाचाच असतो.

येथें एका जहाजाची कथा सांगितलीच पाहिजे. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हें इ. स. १८९१ पासून कॅनडा व चीन यांच्या दरम्यान फेऱ्या करणारें उतारूंचें जहाज. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनीं इ. स. १९१४ च्या अखेरीस तें विकत घेतलें, 'लॉयल्टी' असें त्याचें नांव ठेवलें, आणि हिंदी सैनिकांच्या सेवेसाठीं तें इस्पितळ-जहाज म्हणून चालविण्यांत आलें. युद्ध संपल्यावर सोलापूरचे वालचंद हिराचंद व त्यांचे सहकारी यांच्या नव्या सिंदिया कंपनीनें तें घेतलें, आणि इ. स. १९१९ च्या एप्रिल महिन्याच्या ५ व्या तारखेस तें मुंबईहून लंडनला निघालें. हिंदी मालकीच्या कंपनीनें परदेशी जहाज-कंपन्यांच्या मक्त्याला दिलेलें तें आव्हान होतें. इ. स. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस भारताचा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ज्या जहाजाच्या स्मरणार्थ तो पाळला जातो, त्यानें आदलीं चार वर्षें आजाऱ्यांच्या सेवेंत घालविलीं होतीं, हें मात्र फारसें कोणाला ठाऊक नसतें.

वचनभंग

दिलेलें वचन नेहमींच पाळलें गेलें असें नाहीं. इ. स. १९१८ च्या जून महिन्याच्या २७ व्या तारखेस रात्रीं 'लँडोव्हरी कॅसल' हें इस्पितळ-जहाज आयर्लंडच्या नैर्ऋत्येस जर्मन पाणबुडीनें बुडविलें. त्यावर दिवे लागलेले होते, क्रूसहि उजळलेला होता. पाणबुडीच्या कप्तानाला संशय होता कीं त्यावर अमेरिकन वैमानिक अधिकारी आहेत. जहाज बुडाल्यावर त्यानें वांचलेल्यांची विचारपूस केली. पुरावा मिळाला नाहीं. तेव्हां आपलें कृत्य झांकण्यासाठीं होड्यांतील माणसांवर तोफा डागण्यांत आल्या. २५८ पैकीं २४ जण वांचले. मृतांत कॅनडाच्या १४ परिचारिका होत्या. त्यांतली एकहि वांचली नाहीं. इ. स. १९२१ मध्यें लाइपझिग येथें जर्मन न्यायालयानेंच दोन अधिकाऱ्यांना चार-चार वर्षांची शिक्षा सांगितली. वरिष्ठाची आज्ञा होती, ही सबब न्यायालयानें मान्य केली नाहीं. आज्ञा उघड-उघड अधर्माची असेल, तर ती पाळणारा दोषमुक्त होत नाहीं, असा तो निर्णय होता. ती शिक्षा पूर्ण भोगली गेली नाहीं. तरी तें तत्त्व पुढील न्यायालयांना मार्गदर्शक झालें. ख्रिस्तसभा सदसद्विवेकबुद्धीविषयीं जें शिकवीत आली, तेंच एका पराभूत देशाच्या न्यायाधीशांनीं आपल्याच अधिकाऱ्यांना ऐकविलें.

दुसऱ्या महायुद्धांतहि असें घडलें. इ. स. १९४३ च्या मे महिन्याच्या १४ व्या तारखेस ऑस्ट्रेलियाचें 'सेंटॉर' हें इस्पितळ-जहाज क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ बुडविण्यांत आलें, आणि ३३२ पैकीं २६८ माणसें मेलीं. परंतु वाचकांनीं हेंहि पाहावें कीं अशा घटनांनंतर राष्ट्रांनीं पांढरा रंग टाकून दिला नाहीं. १९४९ मध्यें त्यांनीं तोच नियम अधिक स्पष्ट करून पुन्हां लिहिला. वचन मोडलें म्हणून वचनाची गरज संपत नाहीं, ती वाढते.

कोळ्यांसाठीं आणि नदीकांठच्या गरिबांसाठीं

आतांपर्यंत युद्धाची हकीकत झाली. परंतु समुद्रावर माणूस युद्धावांचूनहि आजारी पडतो, हें आमच्या किनाऱ्यावरील कोळी कुटुंबांना सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील हजारों ख्रिस्ती मच्छीमार कॉड मासळीसाठीं न्यूफाउंडलंड व आइसलंडकडे महिनोन् महिने जात. गळ हातांत रुतून जखम चिघळे, थंडीनें बोटें झडत, आणि उपचार म्हणजे दारूचा पेला. इ. स. १८९४ मध्यें असम्प्शनिस्ट धर्मगुरूंच्या पुढाकारानें तेथील कॅथॉलिकांनीं 'समुद्रसेवा-संघ' स्थापिला. त्यांच्या जहाजावर डॉक्टर असे आणि धर्मगुरुहि असे. तें होड्यांच्या ताफ्यांतून फिरे, रोग्यांना उचलून घेई, घरचीं पत्रें पोंचवी, आणि मिस्साबलि अर्पण करी. 'सेंट पीटर' या नांवाचें त्यांचें पहिलें जहाज १८९६ च्या पहिल्याच हंगामांत फुटलें. संघानें हात टेकले नाहींत, दुसरें बांधलें. आजहि स्पेन देशाचें सरकार मच्छीमारांसाठीं 'एस्पेरान्सा देल मार', म्हणजे समुद्राची आशा, या नांवाचें इस्पितळ-जहाज अटलांटिक महासागरांत चालवितें.

शांतिकाळांत अशा जहाजाचा मोठा उपयोग होतो हें डॉक्टर विल्यम वॉल्श यांनीं दाखविलें. युद्धांत आरमारी डॉक्टर असतांना त्यांनीं पॅसिफिक बेटांतील गरिबांची दुर्दशा पाहिली होती. त्यांच्या प्रयत्नानें आरमाराचें एक जुनें इस्पितळ-जहाज 'होप' या नांवानें इ. स. १९६० मध्यें इंडोनेशियास गेलें. तें १९७४ पर्यंत चाललें. १९६८ मध्यें श्रीलंकेसहि येऊन गेलें. त्याची मुख्य गोष्ट अशी कीं रोगी बरे करून निघून जाणें हें त्याचें काम नव्हतें, तर तेथील डॉक्टर व परिचारिका यांना शिकवून जाणें हें होतें. आपल्या देशांत आसामांत ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर, जेथें रस्ता नाहीं व पूर आला कीं वाळूची जमीनहि सरकते, तेथें इ. स. २००५ पासून दवाखान्याच्या बोटी जातात, आणि गरोदर माता व तान्हीं मुलें यांना लस व औषध मिळतें.

शेवटचें उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेचें. इ. स. २०१३ मध्यें परमगुरु पोप फ्रान्सिस ब्राझीलला गेले असतांना रिओ शहरांतील एका फ्रान्सिस्कन इस्पितळास त्यांनीं भेट दिली. तेथील संघाचे प्रमुख बंधु फ्रान्सिस्को बेलोत्ती यांना त्यांनीं विचारलें कीं तुम्ही अमेझॉनच्या प्रदेशांत काम करतां काय? उत्तर आलें, नाहीं. तर मग तुम्हांस गेलें पाहिजे, असें पोप म्हणाले. सहा वर्षांनीं, इ. स. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत, ओबिदोस गांवाहून ३२ मीटर लांबीची एक इस्पितळ-बोट निघाली, आणि तिला पोप फ्रान्सिस यांचेंच नांव देण्यांत आलें. शस्त्रक्रिया, क्ष-किरण, दांतांचे उपचार, रक्ततपासणी हें सर्व तिच्यावर होतें. नदीकांठच्या सुमारें १,००० वस्त्या व ७ लक्ष लोक यांच्यासाठीं ती बांधली असें तेव्हां सांगण्यांत आलें. तिचा पैसा आला कोठून, हेंहि पाहण्यासारखें आहे. त्या देशांतील एका रासायनिक कारखान्यामुळें जमीन व पाणी विषारी होऊन कामगार आजारी पडले होते. न्यायालयीन तडजोडींत कंपन्यांनीं जी भरपाई दिली, तिच्या एका भागांतून ही बोट उभी राहिली. एका ठिकाणच्या पापाची भरपाई दुसऱ्या ठिकाणीं औषध झाली. पोप फ्रान्सिस ख्रिस्तसभेला रणभूमीवरील इस्पितळ म्हणत असत. इ. स. २०२५ च्या एप्रिल महिन्याच्या २१ व्या तारखेस ते प्रभुचरणीं विलीन झाले. त्यांच्या नांवाची ही बोट त्यांच्या त्या शब्दाला पाण्यावरची साक्ष आहे.

आपलें जहाज

प्रिय धर्मग्रामस्थहो, जुन्या करारांत ज्युबिलीचें वर्ष म्हणजे केवळ उत्सवाचें वर्ष नव्हतें. त्या वर्षीं शिंग फुंकून जाहीर होई कीं गहाण पडलेली जमीन मूळ घराला परत जावी आणि दास मोकळा व्हावा. म्हणून ज्युबिलीच्या दिवशीं आपण आपलें जहाज तपासून पाहावें हें योग्य आहे.

शस्त्र नाहीं, गुपित नाहीं, परका नाहीं, या तीन अटींवर पांढऱ्या जहाजाचा जीव अवलंबून असतो असें वर म्हटलें. आपल्या धर्मग्रामालाहि त्या लागू आहेत. एखाद्या घराशीं शेताच्या बांधावरून, फेस्ताच्या मानावरून किंवा निवडणुकीवरून आपलें बोलणें बंद असेल, आणि त्या घरांत कोणी अंथरुणाला खिळलें असेल, तर आपण शस्त्र खालीं ठेवलें कीं नाहीं, हें त्या दाराशीं कळतें. देवळाचा पैसा कोठून आला व कोठें गेला, हें सर्वांना कळेल अशा भाषेंत सांगितलें जात असेल, तरच आपण गुप्त लिपि वापरीत नाहीं असें म्हणतां येईल. आणि आजारी शेजारी ख्रिस्ती आहे कीं हिंदु, गांवचा आहे कीं परप्रांतांतून पोटासाठीं आलेला मजूर, हें विचारल्यावांचून आपण वर जात असूं, तरच 'इस्पितळ' या शब्दाचा मूळ अर्थ आपल्याला कळला.

नुसती कळकळ पुरत नाहीं, हें टायग्रिस नदीनें शिकविलें आहे. म्हणून आमची विनंति स्पष्ट आहे. या ज्युबिलीच्या देणग्यांतून रोषणाई, मंडप व भोजन यांचा खर्च भागण्याच्या आधीं, नंतर नव्हे, एक ठराविक वांटा रुग्णांसाठीं बाजूला काढावा. त्यांतून खाट, चाकांची खुर्ची, औषधाची मदत, रात्रीं इस्पितळांत न्यावयाचें वाहन, यांची सोय व्हावी. प्रत्येक आळींतील दोघांनीं दर आठवड्यास आजाऱ्यांकडे जावें, आणि जें दिसेल तें गोड न करतां आम्हांस सांगावें. तरुण मुलींनीं व मुलांनीं परिचारिकेच्या शिक्षणाकडे पाहावें. त्या भगिनींनीं नाताळच्या आदल्या रात्रीं जहाजावर पाऊल ठेवलें तेव्हां त्यांच्याजवळहि फक्त तयारी होती.

ज्युबिलीसाठीं आपल्या देवळाला नवा पांढरा रंग दिला आहे, तो रस्त्यावरून दुरून दिसतो. समुद्रावर पांढरा रंग पाहून बुडणारा मनुष्य त्या दिशेनें हात उचलतो, कारण त्या रंगानें त्याला वचन दिलेलें असतें. आपल्या भिंतींनींहि आतां तें वचन दिलें आहे. समुद्रतारका पवित्र मारी आम्हां सर्वांस तें पाळण्याचें बळ आपल्या पुत्रापासून मिळवून देवो.